वरळीचा अर्धा दगड

आश्विन वद्य तृतीया, शके १८५२

खालापूरची माणसं गेली. मुलगी पसंत! उमेचा रंग पसंत, वाचन पसंत, हातची करंजी तर दोनदा मागून घेतली. अडलं फक्त बापापाशी. बाप कसा आहे यावर नव्हे. आहे की नाही, यावर.

मुलाच्या वडिलांनी पानाला चुना लावत लावत विचारलं, "पत्रिकेत वधूपित्याच्या नावामागे काय छापायचं? रा. रा. की कै.?" मग पुढे म्हणाले, "बाप जिवंत असेल तर कन्यादान त्याच्या हातचं. गेला असेल तर चुलत्याच्या. पण अधांतरी बापाची मुलगी घ्यायची कशी?"

माणूस वाईट नाही. बरोबरच बोलला. म्हणूनच जास्त लागलं.

नाना, माझे थोरले दीर, लगेच म्हणाले, "बारा वर्षं भरताहेतच. शास्त्राप्रमाणे मोकळं करून घेऊ."

मोकळं! कोणाला?

उमेची दोन स्थळं याच पायी गेली. सोळा सरली तिला. हा मुलगा शाळेत शिकवतो, त्यानं थेट तिलाच विचारलंन, "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" तेव्हापासून पोरगी भांडी घासतानासुद्धा गुणगुणते आहे. हे स्थळ गेलं तर ती गुणगुणायची थांबेल आणि मग माझ्यासारखी होईल.

आश्विन वद्य चतुर्थी

भटजी येऊन सगळं समजावून गेले. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की मेला असं धरायचं. पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. मग दहावं, बारावं, तेरावं. बाराव्याला सपिंडी उरकली की मुलीच्या लग्नाला हरकत नाही. आणि मी —

मी दाराआडून विचारलं, "आणि पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर?"

भटजी खुलले. "त्याचीही सोय आहे! त्याला पुन्हा जन्माला घालायचं. बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न!" सगळे हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात चूल फुंकत बसले. धुराचं निमित्त बरं असतं.

जाताना म्हणाले, विधीच्या आधी एकदा शेवटचा शोध घेतला पाहिजे, नाहीतर पाप लागतं. मी तेवढंच धरलं. म्हटलं, "मग मला वरळीला न्या." नानांच्या कपाळावर आठी. पण भटजींसमोर नाही कसं म्हणणार?

आश्विन वद्य पंचमी

उद्या निघायचं. दगड पोटलीत बांधला.

ह्यांना दगडांचं वेड. कर्जतच्या शाळेत मास्तर होते, पण सुट्टी लागली की मुंबईला वरळीच्या टेकडीवर. तिथं खाण आहे. काळ्या कातळाखाली पाटीसारखा दगड लागतो आणि त्यात बेडूक! नखाएवढी डोकी, काडीएवढे पाय, सगळं जिथल्या तिथं. मला म्हणायचे, "अगं, आपला हा सगळा डोंगर उकळत होता तेव्हाचे हे. एका तळ्यात राहत होते बिचारे. वरून रस आला, तळं झाकलं गेलं." मी म्हणायचे, पळाले का नाहीत? म्हणायचे, "पाणी होतं ना घरात. कोण सोडतं?"

इन्फ्लुएन्झाच्या साली आणलेला शेवटचा दगड. मागच्या पायरीवर बसून छिन्नी मारली, तर वही उघडावी तसा दुभंगला. एका अर्ध्यात बेडूक, दुसऱ्यात त्याची पोकळी. लहान मुलासारखे नाचले! उमा चार वर्षांची, तीही नाचली. बाळ, तिचा धाकटा भाऊ, माझ्या मांडीवर होता.

त्याच आठवड्यात ताप घरात शिरला. आधी त्यांनाच आला. ते उठले. बाळ उठला नाही.

नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "दगडाबरोबर ताप घेऊन आलास. पोराला तू खाल्लंस." पहाटे ह्यांचं अंथरूण रिकामं. बेडूक घेऊन गेले, पोकळी फडताळात ठेवून.

लोक म्हणाले, मुंबईत तेव्हा माणसं सरपणासारखी रचत होते, त्यांतच गेला असेल. मी ऐकून घेतलं. कुंकू मात्र पुसलं नाही.

आश्विन वद्य सप्तमी. गिरगाव, मामेसासऱ्यांकडे

काय लिहू!

सकाळी वरळी. मला वाटलं होतं मोठी टेकडी असेल. अर्धी कूस कापून नेलेली. खाली सरकारी चाळी, एकीसारखी दुसरी, दोऱ्यांवर लुगडी. खडी फोडणाऱ्या बाया उन्हात बसलेल्या. एकीला दगड दाखवला. म्हणाली, "असली पाटी आमी फेकून देतो बाय, तिची खडी व्हत नाय." तिच्या पायाशी ढीग होता. मी त्यात हात घातला. एक चपटा तुकडा उचलला तर काठावर इवलासा पाय! बाकीचं अंग कुठं असेल? कुणाच्या तरी भिंतीच्या भरावात.

बारा वर्षांपूर्वी इथं एक मास्तर यायचे, आठवतात का, असं मी कितीजणांना विचारलं. एक म्हातारा मुकादम मात्र थांबला. म्हणाला, त्या साली इथलीच माणसं किती गेली त्याचा पत्ता नाही, तुमचा एक मास्तर कुठं लक्षात राहणार? नाना म्हणाले, "झाला ना शोध? चल."

उमा म्हणाली, "काका, ते घुमटाचं म्युझियम! बाबांसारखे दगड तिथं असतील." नाना एकदम तुटकपणे, "मेलेली जनावरं बघायला कशाला?" पण उमेनं हट्ट धरला. शेवटी आले, आणि फाटकाशीच बसले. "माझे पाय दुखतात. तुम्ही या जाऊन."

आत वाघ, गवे, काचेत बसवलेले पक्षी. उमा पक्ष्यांपाशी अडकली, त्यांची नावं वाचत. मी पुढं गेले. दगडांची कपाटं. काळोखी जागा, एक खिडकी. आणि तिथं, खालच्या फळीवर —

मी ओळखला. मी नाही ओळखणार तर कोण? डावा मागचा पाय दुमडलेला, उजवा लांब. शेजारी पानाचं टोक. वरचा कोपरा उडालेला, छिन्नी निसटली होती तिथं. पोटली सोडली. माझा दगड काचेला लावला. कोपऱ्याला कोपरा. पायाला पाय. बेडूक काचेच्या आत, पोकळी माझ्या हातात.

"बाय, काचंला हात नाय लावायचा." मागं शिपाई. उतारवयाचा, फडकं हातात. माझ्या हातातलं पाहिलंन आणि फडकं खांद्यावर टाकलंन. मग म्हणाला, "ह्यो तुमच्याकडं कसा? ह्याचा जोड तर मास्तरांनी दिलाय."

"कोण मास्तर?"

"नाव नाय ठावं. म्युझियम नवं उघडलं तवा घेऊन आले. आमच्याच मुलखातले, बोलन्यावरनं वळखलं. मी कर्जताकडल्या कुंभिवलीचा, सखा माजं नाव."

म्युझियम उघडलं ते ताप सरल्यावर तीन-चार वर्षांनी! मी विचारलं, "जिवंत आहेत?"

"म्हंजे काय बाय! ह्या श्रावणात येऊन गेले की. येतात, हितं उबे ऱ्हातात, जातात. काचंवर धूळ असली तं मलाच बोलतात."

तेच! दुसरं कोण असणार? घरात पाण्याच्या भांड्यावर डाग दिसला तरी बोलायचे. मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. त्या भल्या माणसानं पाणी आणून दिलंन.

राहतात कुठं ते त्याला ठाऊक नाही. "सुट्टीलाच येतात. दिवाळीत येतील बगा." मी म्हटलं, "आले की सांगा, उमेचं लग्न ठरतंय. मार्गशीर्षात. त्याआधी घरी या म्हणावं."

"आनि कोन आलं व्हतं, काय सांगू?"

काय सांगणार मी? बायको? म्हटलं, "दगडाची दुसरी अर्धी आली होती म्हणा."

उमेला सांगितलं नाही. नानांना तर नाहीच. आधी ते स्वतः येऊ देत. ते आपल्या पायांनी आले तर रा. रा., कन्यादान, सगळं सरळ. मी आधी बोलले तर काय? नवऱ्यानं टाकलेली बाई. तिची मुलगी.

आश्विन वद्य अष्टमी

घरी. जिवंत आहेत! आणि आले नाहीत. दोन्ही एकदम मनात मावत नाही.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा

सगळ्या आपापल्या नवऱ्यांना ओवाळताहेत. मी दर पाडव्याला दगडाला ओवाळते. जाऊबाई हसतात, हसू देत. आज ओवाळताना मात्र राग! इतकी वर्षं एका पोकळीला ओवाळलं, आणि बेडूक मजेत मुंबईत, काच पुसून घेतोय!

मग वाटलं, या क्षणी ते म्युझियममध्ये असतील. सखा सांगत असेल.

या. फक्त या. मी काही विचारणार नाही.

कार्तिक शुद्ध षष्ठी

रोज दुपारी मुंबईच्या गाडीच्या वेळेला स्टेशनाजवळच्या मारुतीला जाते. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं काय मागणं आहे गं मारुतीकडे? तो तर ब्रह्मचारी!" बोलू देत. गाडीतून उतरणाऱ्या एकेका टोपीखालचा चेहरा बघते. आता केस पिकले असतील. आपल्याला ओळखता येईल ना?

कार्तिक शुद्ध दशमी

कळंबच्या वरच्या वाडीतून कोंडी आली, पळसाची पानं घेऊन. दरसाल पत्रावळीसाठी आणते. नानांनी यंदा भरपूर सांगितली होती. भारा टाकून म्हणाली, "बाय, लगनाची ना पानां?"

म्हटलं, लग्नाचीही. पण आधी देठ काढून दे. पुतळा करायचाय.

कोंडी टेकली. "मास्तरांचा? पन मास्तर गेल्याचं कुनी पायलंय का?"

"नाही."

"मंग नको गं बाय. जित्या मानसाचा पुतला जाळला तं तो जितं आसंल तितं त्याला भाजतंय. आमची म्हातारी सांगायची." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला ठावं हाय कायतरी."

मी आत निघून आले. देठ तिनं काढून ठेवलेन, एका आकाराचे, एका जुडीत. पैसे न घेताच गेली.

कार्तिक शुद्ध द्वादशी

तुळशीचं लग्न. अंतरपाट धरायला मीच होते. सवाष्ण म्हणून बहुधा हे शेवटचं. आज गाडीतून एक उंच माणूस उतरला, तशीच चाल, मी धावले! तो नेरळचा वाणी निघाला. दिवाळीची सुट्टी संपली.

कार्तिक वद्य पंचमी

काही नाही.

कार्तिक वद्य दशमी

आज नानांना सांगितलं. सगळं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं. म्हटलं, थांबा. माघात करू लग्न. त्यांना निरोप गेलाय. ते येतील.

नाना सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. मग म्हणाले, "दगडासारखे दगड असतात, अनसूया."

"आणि सखा? त्यानं पाहिलंय त्यांना!"

"एका शिपायाच्या तोंडावर मी विधी मोडू?" मग आवाज खाली आणून, "आणि समज, असेल जिवंत. खालापूरला काय सांगायचं? बाप आहे, पण टाकून गेलाय? मेलेल्या बापाची मुलगी खपते. पळालेल्या बापाची नाही. तू तोंड उघडलंस तर हे लग्न मोडलंच समज. मग बैस उमेला घेऊन मारुतीच्या पारावर."

खरं आहे ते.

एक मात्र खटकलं. धाकटा भाऊ जिवंत आहे म्हटल्यावर माणूस आधी काय विचारेल? कसा आहे, कुठं आहे, काय खातो! नानांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा विश्वासच नाही, दुसरं काय. बारा वर्षं त्यांनी आम्हांला जेवू घातलंय, कधी ताटावरून बोलले नाहीत. त्यांना तरी कुठं दोष देऊ?

उमेला विचारलं, तुला हे लग्न हवंय ना? म्हणाली, "तू नको म्हटलंस तर नको." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. गुणगुणणं बंद आहे.

कार्तिक वद्य त्रयोदशी

हो म्हटलं.

कार्तिक अमावास्या

झालं.

सकाळी उमेनं मला कुंकू लावलंन. शेवटचं. नीट गोल लावत बसली, पुसून पुन्हा लावलंन, जसं काही मलाच लग्नाला उभं राहायचंय. तिचे हात गार होते. मग जाऊबाईंनी बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र मीच काढून दिलं, दुसऱ्या कोणाचा हात मला गळ्याशी नको होता. नाना म्हणाले, "केस राहू देत. काळ बदललाय." उपकार!

पुतळा ओटीवर ठेवला होता. नारळाला कोणीतरी गंध लावलं होतं. हात, पाय, छाती, सगळं देठांचं, वर पांढरं वस्त्र. इतका लहान! चार वर्षांच्या मुलाएवढा. मला वाटलं होतं मी काही रडणार नाही, खोट्या मढ्याला कोण रडतं? पण तो उचलला तेव्हा मी असा टाहो फोडला की बाहेर घोडागाडी थांबली.

उल्हास नदीवर नेला. थोरल्यानं धाकट्याला अग्नी दिला. घरातून धूर दिसला. मी उभीच होते. मनात कोंडी बोलत होती. आत्ता, या घटकेला, मुंबईत कुठल्या तरी वर्गात फळ्याशी उभे असतील. भाजलं असेल का? माझाच हात मी दुसऱ्या हातानं चोळत होते.

देवा, भाजू दे त्यांना! नको. नको भाजू दे.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी

बारावं, तेरावं सगळं पार पडलं. सपिंडी झाली. आता ते पितरांत. पत्रिका छापून आल्या. नावामागे कै. अक्षर बारीक आहे, पण आहे.

आरशात बघत नाही.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

उद्या लग्न. मी मांडवात यायचं नाही. जाऊबाई गोडच बोलल्या, "तुलाच त्रास नको म्हणून गं." कोठीच्या खोलीत बसायचं. आतून कडी. खिडकी मागच्या अंगणावर. मंगलाष्टका ऐकू येतील म्हणे.

उमा येऊन गळ्यात पडली. "आई, मला हे असं नको होतं." मी म्हटलं, मला हवं होतं. तू सुखात राहा. भटजींना विचारून घेतलंय, सात पावलं पडली की मग ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही.

तिचा कुंकवाचा करंडा घाईत इथंच विसरली आहे.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

कोठीतून लिहिते आहे. मंगलाष्टका झाल्या. पोरीचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. होम चालू आहे. मागच्या अंगणात पहिली पंगत बसली, कोंडीच्याच पानांवर.

ते आले आहेत.

पंगतीत शेवटी, कुडापाशी, एकटे. केस सगळे पांढरे. आधी पत्रावळ बोटानं पुसून घेतलीन, तेव्हाच ओळखले. हाक तोंडाशी आली होती. हात तोंडात कोंबून बसले. आतमध्ये अजून पावलं पडायची आहेत.

एवढ्यात नाना भात घेऊन त्यांच्यापाशी आले. आता दचकतील, हातातलं भांडं पडेल, म्हणून मी गज धरून बघत होते. नाना दचकले नाहीत. भात वाढला. वर वरण वाढलं. मग वाकून हलकेच विचारलं, आणि मला खिडकीत स्पष्ट ऐकू आलं, "खोकला कसा आहे आता?"

आता!

म्हणजे गेल्या खेपेला नव्हता बरा. म्हणजे किती खेपा? म्हणजे म्युझियमच्या फाटकाशी पाय दुखत नव्हते. म्हणजे अग्नी देताना —

भटजी मोजताहेत. पाच. सहा.

सात. अक्षता पडल्या. आता मोडत नाही.

उमेचा करंडा उघडला. बोटभर कुंकू कपाळावर लावलं. दगड हातात घेतला. कडी काढते आहे.